व्याह्यांना पत्र, एक ओळ सोडून

इंग्रजी मला येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. पाणी खात्याच्या मीटर तपासणी विभागात मी एकतीस वर्षं काढली आणि तिथे मीटर, लीकेज, प्रेशर, व्हॉल्व्ह, पेंडिंग हे सगळे शब्द मी न अडखळता बोलतो. माझं इंग्रजी अडतं ते एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जाताना.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हा अडथळा एकदम घरात आला. मुलगी परदेशात पूल तपासते. म्हणजे कमरेला दोर बांधून पुलाखाली लटकते आणि कुठे भेग पडली आहे का ते बघते. तिच्याच ऑफिसात नकाशे काढणारा एक शांत मुलगा तिने पसंत केला. त्याला मराठी येत नाही, त्याच्या वडिलांना तर नाहीच. वडील निवृत्त बस ड्रायव्हर, एकटेच असतात. आम्ही दोन्ही घरं पहिल्यांदा भेटलो ती फोनच्या पडद्यावर.

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून चार मिनिटं बोललो. मुलीचं लहानपण, तिने सहाव्या वर्षी खोलून ठेवलेला नळ, तिच्या आईचा स्वभाव, आमची माणसं, सगळं सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि व्याह्यांना इंग्रजीत सांगितलं, "बाबा हॅलो म्हणतायत." मग व्याही बोलले. तेही बराच वेळ बोलले, मध्येच हातांनी बसचं चाक फिरवून दाखवलं. मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "ते पण हॅलो म्हणतायत."

"आता एवढं एक मात्र नीट सांग," मी म्हणालो. "म्हणावं, आमच्या मुलीला सांभाळा."

"हे मी सांगणार नाही, बाबा."

"का?"

"मी दोनशे फुटांवर दोरीला लटकते. मला कोण सांभाळणार? आणि माझ्याच तोंडून मी सांगू, की मला सांभाळा?"

फोन बंद झाल्यावर मी शर्ट काढून ठेवला आणि ठरवलं, की आता मध्यस्थ नको. ज्या घरात आपली मुलगी जाणार त्या घरच्या माणसाशी बापाला एक वाक्य बोलता येऊ नये, याचं मला खरोखर वाईट वाटलं होतं. दोन महिन्यांनी व्याही आठ दिवस आमच्याकडे राहायला येणार होते. त्याआधी माझ्या हाताने लिहिलेलं इंग्रजी पत्र त्यांच्या हातात पडलं पाहिजे, आणि ते वाक्य त्यात असलं पाहिजे.

"साधं लिहा," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला साधेपणाची फार ओढ लागली आहे. "या, राहा, आनंद होईल. झालं."

पण वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना हे पटलं नाही. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. जगभरची पत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली असल्यामुळे (बंद पाकिटातून का होईना) पत्रव्यवहार या विषयात ते कोणाचंही ऐकत नाहीत.

"अहो तपासनीस, साधं इंग्रजी आपण बोलतो. ते लोक नाही बोलत," मास्तर म्हणाले. "रद्द करणे याला आपण काय म्हणतो? कॅन्सल. ते म्हणतात, कॉल ऑफ. आता कॉल म्हणजे बोलावणे आणि ऑफ म्हणजे बंद. बोलावणं बंद. लक्षात आलं? याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. क्रियापदाच्या मागे एक छोटा शब्द लावायचा, की अर्थ पार फिरतो. पत्रात ओळीला एक तरी हवं. नाहीतर माणूस कच्चा आहे हे त्यांना पहिल्या वाक्यात कळतं."

कच्चा हा शब्द मला लागला. मी विचारलं, हे सगळं मिळेल कुठे. मास्तर म्हणाले, वाचनालयात जाडा कोश आहे, फक्त याच क्रियापदांचा.

कोश होता. पण त्याच्या पाठीवर 'फक्त संदर्भासाठी' अशी चिठ्ठी होती, म्हणजे तो घरी मिळणार नव्हता. संदर्भ विभागात बसायला पास लागत होता. पासाला कार्यालयाचं पत्र लागत होतं, आणि कार्यालय असं पत्र फक्त कार्यालयीन कामासाठी देत होतं. मी रीतसर अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मीटर तपासणीच्या कामी फ्रेझल व्हर्बची नितांत गरज.' साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'कोणत्या मीटरला?' मी लिहिलं, 'सर्व.' नऊ दिवसांनी पास मिळाला. त्यावर माझं नाव चुकलं होतं, पण दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज होता, म्हणून मी ते नाव स्वीकारलं आणि पुढचे आठ दिवस संदर्भ विभागात दुसराच माणूस म्हणून बसलो.

तिथे झेरॉक्स बंद, फोटोला मनाई, शाईचं पेन चालत नाही. पेन्सिल, वही आणि दुपारची सुट्टी एवढंच माझ्या हातात होतं. तेव्हा मी आमच्या खात्याची पद्धत लावली. मीटर तपासताना आम्ही आधी डावीकडे सगळ्या मीटरांचे नंबर उतरवतो, आणि मग उजवीकडे एका बैठकीत सगळी रीडिंग. कामाला वेग येतो आणि नजर इकडेतिकडे फिरत नाही. एकतीस वर्षांत माझी एक ओळ सरकलेली नाही, हे खात्यात कोणालाही विचारा. त्याच पद्धतीने मी पहिले तीन दिवस डावीकडे नुसती क्रियापदं उतरवली आणि पुढचे पाच दिवस उजवीकडे नुसते अर्थ, मराठीत.

वही पूर्ण झाली तेव्हा मास्तरांनी परीक्षा घेतली. त्यांनी पहिली चार पानं उलटून विचारलं, ब्रेक डाउन? बंद पडणे. कॉल ऑफ? रद्द करणे. गिव्ह अप? नाद सोडणे. सगळी उत्तरं बरोबर आली. "आता बिनधास्त लिहा," मास्तर म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढची पानं त्यांनी उलटली असती तर बरं झालं असतं, पण चहा संपला होता.

पत्राला दोन संध्याकाळी लागल्या. आम्ही दोघं तुमची आतुरतेने वाट पाहत आहोत, यासाठी वहीत 'लुक इन्टू' होतं, ते घातलं. माझ्या पत्नीला तुम्हाला भेटायची फार इच्छा आहे, याला 'रन ओव्हर' मिळालं. आठ दिवस आम्ही तुम्हाला आमच्या घरी ठेवून घेऊ, याला 'पुट अप विथ'. तीन शब्दांचं क्रियापद बघून तर मला भरूनच आलं. आणि शेवटी ते वाक्य. सांभाळणे या अर्थासमोर वहीत 'लुक डाउन ऑन' लिहिलं होतं. खाली वाकून मायेने बघणे, असा त्याचा उलगडा मी बायकोला करून सांगितला. तिलाही ते पटलं. 'आमच्या मुलीला तुम्ही कायम लुक डाउन ऑन कराल अशी खात्री आहे,' असं लिहून मी खाली सही केली, सहीखाली हुद्दा लिहिला, आणि मास्तरांनी स्वतः तिकीट चिकटवून पत्र टपालात टाकलं.

अकरा दिवसांनी फोनवर उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. तुमच्या मोकळेपणाबद्दल आभार. अशा परिस्थितीत ही भेट कॉल ऑफ केलेली बरी.

त्यातलं कॉल ऑफ मला वही न बघता कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक फ्रेझल व्हर्ब मला वाचल्याबरोबर कळलं, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

तासाभरात मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही त्यांना काय लिहिलंत?"

"चार प्रेमाचे शब्द."

"मी मराठीत वाचते, ऐका. 'आम्ही दोघं तुमची चौकशी करत आहोत. तुम्ही याल तेव्हा तुमच्या अंगावर गाडी घालायची माझ्या पत्नीची फार इच्छा आहे. आठ दिवस आम्ही तुम्हाला कसंबसं सहन करू. आमच्या मुलीला तुम्ही कायम तुच्छ लेखाल अशी खात्री आहे. आपला विश्वासू, मुख्य तपासनीस.'"

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला गाडी चालवता येत नाही.

मला वाटलं मुलगी हसेल. ती हसली नाही. "त्यांना वाटतंय तुम्हाला हे लग्न नको आहे," ती म्हणाली. "आणि बाबा, दोन मिनिटं मलाही तसंच वाटलं."

साहेबांचे शेरे मी पुष्कळ खाल्ले आहेत, पण हे वाक्य मला सहन झालं नाही. "पोरी," मी म्हणालो, "वहीत तसंच लिहिलंय गं."

वही बायकोने हातात घेतली. दुकानात आलेला माल यादीशी ताडून घेणं हे तिचं रोजचं काम आहे. तिने पट्टी आणली आणि आमच्या जुन्या छोट्या डिक्शनरीशी एकेक ओळ लावत निघाली. पहिली पानं बरोबर होती. अर्ध्यावर येऊन तिची पट्टी थांबली.

"अहो, इथून पुढे प्रत्येक क्रियापदाला त्याच्या वरच्याचा अर्थ लागलाय. लुक आफ्टरचा अर्थ लुक डाउन ऑनला गेलाय. नुसत्या पुट अपचा पुट अप विथला. डावीकडचा एक शब्द तुम्ही गाळलात आणि खालची सगळी रांग एकेक घर वर आली."

"कुठला शब्द?"

तिने उजवीकडचा एकटा पडलेला अर्थ वाचला. "वगळणे, गाळणे." मग डिक्शनरीत बघून म्हणाली, "लीव्ह आउट."

म्हणजे गाळणे हा शब्दच मी गाळला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी ओळ सरकली होती, आणि ती मीटरच्या रजिस्टरात न सरकता मुलीच्या लग्नात सरकली होती. मास्तरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मी तेव्हाच म्हणणार होतो, साधं लिहा." ते त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

मी मुलीला फोन केला. अभिमान गुंडाळून ठेवला आणि म्हणालो, "आता तूच सांग त्यांना. तुझ्या पद्धतीने, थोडक्यात."

"नाही," मुलगी म्हणाली. "मी सांगितलं तर मी सारवासारव करते आहे असं वाटेल. तुमची चूक तुम्हीच कळवा."

मग मी वहीचं ते पान उघडं ठेवलं, लाल पेन्सिलीने प्रत्येक अर्थापासून त्याच्या खऱ्या क्रियापदापर्यंत तिरके बाण काढले, जिथे शब्द गळला होता तिथे गोल केला, आणि त्या पानाचा फोटो व्याह्यांना पाठवला. सोबत माझ्या मालकीचं, कुठल्याही कोशातून न घेतलेलं इंग्रजी लिहिलं. 'वन लाइन मिस. व्हेरी सॉरी. प्लीज कम.'

दोन दिवस काही आलं नाही. त्या दोन दिवसांत मी ऑफिसात बेचाळीस मीटर तपासले आणि प्रत्येकाचा नंबर दोनदा वाचला. बायको उगाच पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी बदलत होती. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. फोटो होता, रेघांच्या वहीतल्या पानाचा. त्यावर थरथरत्या, मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिलं होतं, 'मी सहा तारखेला येऊन टाकतो.'

"येऊन टाकतो?" बायको म्हणाली. "म्हणजे एकदाची कटकट उरकायला येतायत का?"

खुलासा मुलीने केला. व्याही सहा महिने तिच्याकडून मराठी शिकत होते आणि आम्हाला चकित करायचं म्हणून कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी तिला अट घातली होती. काम नक्की पूर्ण होणार असेल तर टाकणे लावायचं, असं तिने त्यांना समजावलं होतं. आपण नक्की येणार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी तो फोटो कितीतरी वेळा उघडून बघितला. साठीच्या पुढचा एक माणूस रेघांची वही घेऊन आपल्यासाठी बाराखडी गिरवत बसला होता, आणि त्याला आपण लिहिलं की तुला आठ दिवस सहन करू.

सहा तारखेला ते आले, मुलीबरोबर आणि जावयाबरोबर. आमच्या दारांपेक्षा व्याही चार बोटं उंच निघाले. प्रत्येक दारात ते वाकत आणि तरीही स्वयंपाकघराच्या चौकटीला त्यांचं डोकं लागलंच. बायकोने बर्फ आणला तेव्हा ते म्हणाले, "काळजी नको. मी आपटून घेतलं." आपटून घेतलं हे ऐकून आम्हाला हसताही येईना आणि गप्पही बसवेना.

जेवायला बसलो. सुरुवातीला सगळे जपून बोलत होते. मग व्याह्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कौतुकाने जाहीर केलं, "माझा मुलगा तुमच्या मुलीवर प्रेम करून बसला आहे."

बायकोला ठसका लागला. मुलगी तोंड फिरवून हसायला लागली. व्याह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण गेले काही दिवस तोच चेहरा मी आरशात बघत होतो.

"बसला हे बरोबर नाही?" त्यांनी विचारलं. "बसला म्हणजे, सेटल."

मी समजावायला गेलो. म्हटलं, करून बसला म्हणजे नको ते केलं. खाऊन घे म्हणजे पोट भर. खाऊन टाक म्हणजे संपव. खाऊन बघ म्हणजे चव घे, तिथे डोळ्यांचा काही संबंध नाही. पडून राहतो तो आळशी, आणि राहून जातं ते काम. बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला. एक क्रियापद आणि त्याच्या मागे एक छोटा शब्द, की अर्थ पार फिरतो. हे सगळं मी जन्मापासून बोलत होतो आणि इंग्रजांना नावं ठेवत होतो. व्याही खिशातून वही काढून भराभर लिहून घेत होते. मला त्यांची दया आली आणि थोडा आनंदही झाला, दोन्ही खरं आहे.

मग ते उभे राहिले. दिव्याला डोकं लागू नये म्हणून थोडे बाजूला सरकले, वहीचं शेवटचं पान उघडलं. हे वाक्य त्यांनी कोणाला न दाखवता तयार केलं होतं, ते मुलीने मान उंचावून पानात डोकावून बघितलं त्यावरून कळत होतं.

"तुम्ही तिचे वडील," ते माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले. "मी वचन देतो. तुमच्या मुलीला मी नेहमी सांभाळून घेईन."

मुलीचा चमचा ताटात पडला. सांभाळून घेतात ते कामचुकार माणसाला, नाहीतर तिरसट पाहुण्याला. तिचं नाक लाल झालं. भांडणाच्या आधी ते तसंच होतं.

"नो," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्याही पान धरून तसेच उभे होते.

"दॅट इज पुट अप विथ," मी म्हणालो. "नॉट पुट अप विथ. प्लीज."

"ओह, नो, नो," व्याही घाबरून म्हणाले. "सांभाळणे. लुक आफ्टर."

तेच ते वाक्य. महिनाभर ज्याच्यासाठी मी पास काढला, पेन्सिली झिजवल्या, ते त्यांनी स्वतःहून माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. मला नुसतं येस म्हणायचं होतं. मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या दोन्ही तळहातांवर दोरीचे घट्टे आहेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले.

"नॉट लुक आफ्टर आल्सो," मी म्हणालो. दुरुस्त केलेली वही मनातल्या मनात उघडली आणि पट्टी लावून त्या ओळीपर्यंत आलो. "लुक अप टु. माय डॉटर. यू प्लीज लुक अप टु."

व्याह्यांनी वही मिटली. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आय डू," ते म्हणाले.

"काय म्हणाले? तुम्ही काय म्हणालात त्यांना?" बायकोने विचारलं. ती मुलीकडे वळली, भाषांतरासाठी.

"मान द्या म्हणाले, आई," मुलगी कशीबशी म्हणाली. मग ती उठली आणि गॅलरीत गेली. तिथून नाक ओढल्याचा आवाज यायला लागला. जावई तिच्या मागोमाग गेला.

व्याही अजून उभेच होते. त्यांनी कपाळावरच्या टेंगळाला हात लावला आणि खालच्या आवाजात मला विचारलं, माझी चूक झाली का.

"नो मिस्टेक," मी म्हणालो, आणि त्यांना भात वाढला.